नुसत्या रंगांची भिंत

थोरले सरकार एकाएकी नाहीसे झाले आणि त्यांचे धाकटे भाऊ जैतोजीराव गादीवर बसले. थोरले गेले कुठे, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

नव्या सरकारांनी सगुणा चितारिणीकडून दरबाराची भिंत रंगवून घेतली. तिने ती काळ्यानिळ्या रंगांनी भरून टाकली. त्यात ना माणूस, ना झाड.

"यात काहीच नाही! बोटं छाटा हिची!" सरकार गरजले.

सगुणा म्हणाली, "काहीच नाही ना? मग घटकाभर एकटक बघा, सरकार. नंतर खुशाल छाटा."

सरकार हसत बघू लागले. हळूहळू ते हसू विरलं. भर दुपारी दरबारात ओला गारठा पसरला. सरकारांच्या कपाळावर मात्र घाम होता.

"तो हात पुस!" ते एकदम किंचाळले. "विहिरीतून वर येतोय तो!"

"पुसते की," सगुणा म्हणाली. "पण मी ना हात काढला, ना विहीर. विहीर कुठली तेवढं सांगा, सरकार, म्हणजे तिथेच जाऊन पुसते."

 म्हातारे दिवाण उठले आणि त्यांनी विहिरीत सोडायला दोर आणि गळ मागवले.