टिपरीला हवा धक्का

एक होतं बावखल. बावखल म्हणजे वाडीतलं तळं. भोवती केळी, वर नारळ, खाली हिरवं पाणी. राऊतांचं, घरचं.

बावखलात होता एक धक्का. लाकडी. फळ्याफळ्यांचा. वर बसायचं, पाय पाण्यात सोडायचे.

धक्का झाला म्हातारा. एक दिवस तो म्हणाला, कर्र. मग म्हणाला, डुबुक.

बुडाला.

तिथे राहायची टिपरी. इवलीशी बेडकी. नखाएवढी. तिचा भाऊ बोबड्या. बोबड्याला होतं शेपूट. शेपूट चाललं होतं झडत. पाय आले होते फुटत. शेपूट गेलं की पाण्यातून वर यायचं, हवा खायची. पण वर यायचं कुठून? तळ्याची भिंत उंच. भिंत गुळगुळीत. टिपरीला उडी यायची. बोबड्याला कुठे येत होती?

"ताई, दमलो," बोबड्या म्हणाला.

"थांब रे. धक्का आणते."

टप्पक टप्पक, टप्पक टप्पक. टिपरी गेली सुतारकाकांकडे. सुतारकाका बसले होते खाटेवर. काडीने मातीत धक्का काढत होते. लांबी एवढी, रुंदी एवढी. रोज काढायचे. रोज पुसायचे.

"सुतारकाका, सुतारकाका, धक्का बांधा.
धक्का काही होईना,
बोबड्या वर येईना."

"काय धक्का होता गं तो, आमच्या वेळी," सुतारकाका म्हणाले. "ओंडका येऊ दे. मग ठोकतो."

आणि बसून राहिले.

टप्पक टप्पक, टप्पक टप्पक. टिपरी गेली आंब्याच्या ओंडक्याकडे.

"ओंडक्या, ओंडक्या, हल की रे.
सुतारकाका ठोकेनात,
धक्का काही होईना,
बोबड्या वर येईना."

"काय धक्का होता गं तो, आमच्या वेळी," ओंडका म्हणाला. "माझ्या आईच्याच फळ्या त्या. बैल ओढू दे. मग हलतो."

आणि पडून राहिला.

टप्पक टप्पक, टप्पक टप्पक. टिपरी गेली पवळ्या बैलाकडे.

"बैला, बैला, ओंडका ओढ.
ओंडका हलेना,
सुतारकाका ठोकेनात,
धक्का काही होईना,
बोबड्या वर येईना."

"काय धक्का होता गं तो, आमच्या वेळी," बैल म्हणाला. "पोरं तिथे बसून माझी शिंगं धुवायची. तात्या सोडू देत. मग ओढतो."

आणि रवंथ करत राहिला.

टप्पक टप्पक, टप्पक टप्पक. टिपरी गेली तात्यांकडे. तात्या म्हणजे बैलाचे मालक.

"तात्या, तात्या, बैल सोडा.
बैल ओढेना,
ओंडका हलेना,
सुतारकाका ठोकेनात,
धक्का काही होईना,
बोबड्या वर येईना."

"काय धक्का होता गं तो, आमच्या वेळी," तात्या म्हणाले. "काय सूर मारायचो मी. अण्णा हो म्हणू देत. मोठ्या भावाच्या आधी कसं?"

आणि सुपारी कातरत राहिले.

टप्पक टप्पक, टप्पक टप्पक. टिपरी गेली अण्णांकडे. अण्णा राऊतांच्या घरात सगळ्यांत मोठे. झोपाळ्यावर बसलेले. झोपाळासुद्धा हलत नव्हता.

"अण्णा, अण्णा, हो म्हणा.
तात्या सोडेनात,
बैल ओढेना,
ओंडका हलेना,
सुतारकाका ठोकेनात,
धक्का काही होईना,
बोबड्या वर येईना."

अण्णा हळूच म्हणाले, "काय धक्का होता गं तो, आमच्या वेळी. पाय पाण्यात असायचे. आई जेवायला हाका मारायची. आम्ही ऐकायचोच नाही."

अण्णांनी डोळे पुसले. टिपरी वाट बघत राहिली.

"मी म्हणेन की हो," अण्णा म्हणाले. "पण आधी सुतार उठू दे."

झालं. फिरून सुतार.

मोठी माणसं अशीच. आठवण आली की रडतात. रडून झालं की बसतात.

टिपरीला आला राग. नखाएवढी बेडकी, पाटाएवढा राग.

"आठवतं सगळ्यांना. उठत कुणीच नाही. धक्का हवा ना? मग घ्या धक्का." टिपरीने दिला झोपाळ्याला धक्का.

ढुश्. झोपाळा हलला नाही.

ढुश्. झोपाळा हलला नाही.

मग टिपरीने मारली उडी. थेट अण्णांच्या उघड्या पावलावर.

गार गार. ओलं ओलं.

अण्णांचा पाय दचकला. अण्णा वाकले. पावलाला हात लावला.

"हे तर आपल्या बावखलाचं पाणी," ते म्हणाले.

आणि उठले.

अण्णांनी दिला तात्यांना धक्का. ढुश्. "ऊठ रे. हो म्हटलं मी."

तात्यांनी सोडला बैल, दिला बैलाला धक्का. ढुश्.

बैलाने ओढला ओंडका, दिला ओंडक्याला धक्का. ढुश्.

ओंडका निघाला गडगड गडगड, दिला खाटेला धक्का. ढुश्.

सुतारकाका खाली. धपकन. मग काय, उठावंच लागलं.

करवत म्हणाली, खर्र खर्र. खांब चिखलात गेले, धप्प धप्प. हातोडी म्हणाली, ठक ठक.

"शेवटची फळी उतरती लावा. पाण्यात बुडू दे," टिपरी म्हणाली. तशीच लावली.

झाला धक्का. जुन्यासारखा नव्हता. जरा वाकडाच होता. पण होता.

बोबड्याचं शेपूट गेलं होतं. त्याने फळीवर दोन पाय ठेवले. सटकला. पुन्हा ठेवले. पुन्हा सटकला.

टिपरीने मागून दिला धक्का. ढुश्.

बोबड्या वर. तोंड उघडलं. हवा खाल्ली. पोटभर.

अण्णा, तात्या, सुतारकाका आले धावत. सगळ्यांना बसायचं होतं पुढे.

"मागे सरका," टिपरी म्हणाली. "पुढची जागा बोबड्याची."

सरकले बिचारे. बसले, पाय सोडले. डुबुक डुबुक. आमच्या वेळी, असं कुणीच म्हणालं नाही.

घरातून जेवायची हाक आली.

कुणी ऐकलीच नाही.

गोष्ट गेली पाण्यात, पाय राहिले पाण्यात. आता वाचणाऱ्याने उठायचं. नाहीतर, ढुश्.