भरलेला सेल

“…पण माणसाच्या आत काय आहे, हे बघायचं तरी कसं, अक्का?”

डॉ. भास्कर तुळपुळे नदीकाठच्या देवळाच्या ओवरीत अक्कांपुढे बसले होते. अक्का तिथंच राहत. अडलेली माणसं त्यांच्याकडे येत. तुळपुळ्यांची उभी हयात व्होल्टमीटर अचूक आहेत की नाहीत हे तपासण्यात गेली होती. म्हातारपणीही एक लहानसा मीटर खिशात असेच. सगळे त्यांना मास्तर म्हणत.

अक्का हातातली बॅटरी थोपटत होत्या. ती काही केल्या लागेना.

“आज एकदम हे काय काढलंत, मास्तर?”

“आमच्या हिची, मालतीची, आशा डॉक्टरांनी सोडलीय. सकाळी तिनं विचारलं, ‘तुमचं माझ्यावर प्रेम होतं का हो?’”

“मग?”

“मी म्हटलं… बघून सांगतो.”

अक्कांचा हात थांबला.

“खोटं बोलवेना, अक्का. खरं ठाऊक नाही. कधी वाटतं, होतं. लगेच वाटतं, हे मी आपलं स्वतःला पटवतोय. तिला उत्तर द्यायचंय… ती आहे तोवर.”

अक्कांनी बॅटरीतला सेल काढून पुढे केला. “आधी हा बघा.”

तुळपुळ्यांना जरा सुटल्यासारखं झालं. त्यांनी मीटरच्या दोन्ही तारा सेलला टेकवल्या. काटा दीड व्होल्टच्या जवळ जाऊन थांबला.

“भरलेला आहे.”

अक्कांनी सेल आत घालून बटण दाबलं. उजेड नाही.

“बल्ब कालच बदललाय. तुमचं यंत्र थापा मारतं की काय?”

“छे हो! जुन्या सेलचं असं होतं. मीटर त्याच्याकडून जवळजवळ काही घेतच नाही, म्हणून आकडा पुरा दिसतो. दिवा मागतो, तेव्हा…”

ते मीटरच्या तारा गुंडाळू लागले.

…

“तिनं कधी काही मागितलंच नाही हो,” ते म्हणाले.

अक्कांनी सेल काढून बाजूला ठेवला.

“माझ्यात होतं का काही, अक्का? एवढं तरी सांगा.”

“आता त्या पाणी मागतात, तेव्हा देतं कोण?”

“बाई ठेवलीय. मायेनं करते.”

“आणि तुम्ही?”

“मी तिथंच असतो… खुर्चीत. नाडी बघतो.”

अक्कांनी डोळे मिटून घेतले.

“मग मालतीला काय सांगू?”

…

“पाणी देणाऱ्या त्या बाईला विचारून सांगा, मास्तर.”