नागोजी टाकाऱ्याचं जातं

तुमच्या-आमच्या पणज्याही जन्मल्या नव्हत्या, तेव्हाची ही गोष्ट. करंजगडावर त्या काळी तुरुंग होता. एका खोलीत एक कैदी, एक जातं आणि रोजचं पायलीभर दळण. एकमेकांशी बोलायचं नाही, असा सक्त हुकूम. बोललं की भाकरी बंद! माणसं आपलाच आवाज विसरून जात, असं म्हणतात.

तिथं नागोजी नावाचा टाकारी होता. भांडणात हातून माणूस गेला, म्हणून आलेला. जात्याचा दगड घासून गुळगुळीत झाला की टाकीनं, म्हणजे छिन्नीनं ठोकून तो पुन्हा खरखरीत करायचा, हे त्याचं पिढीजात काम. गडावरही त्याला तेच दिलं. त्यामुळं साऱ्या गडात एकटा नागोजीच खोल्याखोल्यांतून फिरायचा. टाकीच्या टकटकीत बोलणं झाकून जाई. कुणी घरचं सांगे, कुणी नुसता रडे. नागोजी म्हणे, "बोल बाबा, दगड कठीण आहे, वेळ लागणार." घटकाभराचं काम तो दुपारभर पुरवायचा. लबाडच मेला! पण त्या लबाडीवर चाळीस माणसं जगली, असं म्हणतात.

त्याचं मात्र कुणी ऐकत नव्हतं. त्यानं कधी सांगितलंच नाही. काम संपलं की खोलीत यायचा, पाणी प्यायचा आणि भिंतीकडं तोंड करून बसायचा.

एकदा तो आबाजी कोष्ट्याच्या दाराशी थांबला. आबाजीची बायको गेल्याचा निरोप नुकताच आला होता. तरी आबाजी हसून म्हणाला, "माझं जातं झकास चाललंय रे. पुढं जा." नागोजीनं ते खरं मानलं आणि पुढं गेला. आबाजीनं त्याच दिवशी अन्न सोडलं होतं. नागोजीला हे कळलं तेव्हा गडाखाली आबाजीचं सरण जळत होतं.

नागोजीनं टाकी खाली ठेवली. "जात्याला पिठाचा कण नव्हता. मला दिसलं होतं," एवढंच तो पुटपुटायचा. मग तेही थांबलं. मग त्याची भाकरीही तशीच परत जाऊ लागली. जाती बोथट झाली, सारा गड मुका झाला. पाखरंसुद्धा तटावर बसेनात, असं म्हणतात.

शेजारच्या खोलीत गोंदजी होता, नामचीन दरोडेखोर, अंगानं रेड्यासारखा. नागोजीपाशी तोही कधीकाळी लेकरासारखा रडला होता. तो हवालदाराला म्हणाला, "टाकारी पडलाय. त्याच्या जात्याला मी टाकी लावतो." दळण अडल्यानं हवालदारही मेटाकुटीला आला होता. त्यानं जाऊ दिलं.

गोंदजीनं दाराशी विचारलं, "नागोजी, बरा आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय? जा तू."

गोंदजी गेला नाही. आत येऊन फतकल मारून बसला, टाकी उलटी धरली आणि दगडावर दणादण घाव घालू लागला. कपच्या उडाल्या. नागोजीनं डोळे मिटले, कान झाकले, पण शेवटी त्याला राहवेना. "अरे गाढवा, दगड फोडतोस का? तिरपी धर, तिरपी!" असं ओरडत त्यानं टाकी हिसकावली आणि ढसाढसा रडू लागला. आबाजीचं सगळं सगळं सांगितलं. गोंदजी नुसता ऐकत बसला. हवालदार दाराबाहेरच होता, पण त्यानं हटकलं नाही. त्या दुपारी गडाच्या कोरड्या कातळाला पाझर फुटला, असं म्हणतात.

मग नागोजी पुन्हा जेवू लागला. त्यानं गोंदजीला टाकी शिकवली, गोंदजीनं पुढच्याला. "कुणी म्हणालं मला काही नको, की तिथंच बसायचं," एवढं मात्र प्रत्येकाला बजावलं. पुढं नागोजी सुटला. पायथ्याशी त्याला न्यायला कुणी आलं नव्हतं. तो कुठं गेला, कुणालाच ठाऊक नाही.

आता तुरुंग गडाखाली आलाय, दळायला गिरणी आलीय. तरी नागोजीच्या नावाचं जातं तुरुंगाच्या अंगणात आहे. नवा कैदी आला की एक जुना कैदी त्याला त्या जात्यापाशी नेऊन शेजारी बसतो. गुन्हा विचारत नाही. मुद्दाम वेडीवाकडी टाकी मारत राहतो. नवा एक दिवस गप्प राहतो, दोन दिवस राहतो. जुना रोज येतो, रोज चुकीचं ठोकतो. शेवटी नवा वैतागून म्हणतो, "अहो, द्या इकडं!"

मग जुना जरा सरकून त्याला जागा देतो.