अप्पांसाठी टब

“...पण तुम्हीच सांगा बुवा, बिडाचा घेऊ की फायबरचा?”

निरंजनबुवा मठाच्या गोठ्यात गाईपुढे वैरण टाकत होते. त्यांचा हात थांबला नाही.

हेरंब खातू मोबाइलवर एकेक फोटो पुढे सरकवत राहिला. रत्नागिरीत त्याने नवं घर बांधलं होतं. बाथरूममध्ये वडिलांसाठी टब बसवायचा होता.

अप्पांनी उभा जन्म गावातल्या पोरांना नदीच्या डोहात पोहायला शिकवलं. गेल्या माघात त्यांचं डावं अंग लुळं पडलं. त्यानंतर एकदाच ते म्हणाले होते, पाण्यात आडवं व्हायचंय रे.

“पुण्या-मुंबईची दुकानं पालथी घातली,” हेरंब म्हणाला. “मनासारखा मिळत नाही. एक उथळ आहे, एकाची पाठ सरळसोट. वडिलांसाठी घ्यायचा, तर उत्तमच घेईन. हलकंसलकं मी घरात आणत नाही.”

“सध्या अंघोळ कोण घालतं?”

“माणूस ठेवलाय. सकाळी येऊन अंग पुसून जातो.”

“आणि तू?”

“मी... मी टब बघतोय ना, बुवा.”

बुवा उठले. गोठ्यालगत गुरांना पाणी पाजायची दगडी डोण होती, माणूसभर लांब. बुवांनी आतलं पाणी सोडून दिलं, ती घासली, पुन्हा काठोकाठ भरली.

“कपडे काढ. नीज यात.”

हेरंब हसला. बुवा हसले नाहीत.

पंचा गुंडाळून तो आत उतरला, आडवा झाला. पाणी कानांपर्यंत आलं.

“आता डावा हात नाही. डावा पाय नाही. ऊठ.”

हेरंबने उजवा तळवा टेकला. तो दगडावरून सटकला. डोकं पाण्याखाली गेलं, नाकातोंडात पाणी शिरलं. खोकत खोकत त्याने कसंबसं तोंड वर काढलं. पुन्हा जोर केला. पुन्हा घसरला.

बुवा शेजारी दगडावर बसून होते.

...

पाणी आता हाडांना लागत होतं. डावा हात टेकला असता तर तो सहज उठला असता. पण टेकेना. बुवांसमोर हार मानायची नव्हती.

“बुवा...”

“काय रे?”

“...काही नाही.”

गाय रवंथ करत होती. हेरंबचे दात वाजायला लागले. मांडीवरचा पंचा सुटून तरंगत होता आणि एका हाताने तो सावरावा की कड धरावी, हे त्याला कळेना.

“बुवा, मला...”

बुवा वाट बघत होते.

“मला उचला.”

बुवा ओणवे झाले. काखांत हात घातले, छातीला छाती लावली आणि त्याला वर ओढलं. हेरंबने उजव्या हाताने त्यांच्या मानेला घट्ट मिठी घातली. डावा हात तसाच लोंबत होता... आता तो हलवायला हरकत नव्हती, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

दोघंही निथळत उभे होते. म्हाताऱ्या बुवांना धाप लागली होती, तरी त्यांनी मिठी सैल केली नाही.

“अप्पा पुन्हा काही बोललेच नाहीत, बुवा,” हेरंब त्यांच्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाला. “मला वाटलं, विसरले असतील.”

बुवांनी खुंटीवरचा कोरडा पंचा घेतला. त्याचं डोकं पुसलं, पाठ पुसली, बोटांच्या बेचक्या पुसल्या. हेरंब लहान मुलासारखा उभा राहिला.

पंचा कमरेला गुंडाळत त्याने विचारलं, “मग... कोणता घेऊ?”

“तुला वाकावं लागेल असा.”