भुईची खपली

"पांढऱ्या पायाची आहे हो आपली सून. हिनं उंबरा ओलांडला आणि मागोमाग धूळ आली."

एका राज्यात, जिथं पाऊस वर्षातून एकदा येई आणि उभ्याउभ्याच परत जाई, राणी हेमप्रभा आपल्या दासीला हे सांगत होती. पडद्याआड नवी सून शालवती विड्यांचं तबक घेऊन उभी होती. ती तशीच आत गेली, तबक पुढं केलं. राणीनं दोन विडे उचलले.

धूळ मात्र खरी होती. वरात आल्या दिवसापासून वावटळ थांबली नव्हती. विहिरी बुजत होत्या, दुधावर सायीऐवजी माती धरत होती. वाळवंटाचा राखणदार मांत्रिक धुळोबा यानं निरोप धाडला, "माझं मोडलंत. आता तीन वस्तू आणा. वाळूला बांधणारा दोर, तहान सोसणारी हिरवळ आणि पायाखाली मोडणारा खजिना. अमावास्या टळली तर राज्य पुरून टाकीन."

"नाही जमलं तर सूनबाईंना माहेरी पोचवू," राणी राजाला म्हणाली. "पोर गोड आहे, पण करणार काय?"

राजपुत्रानं रेशमी दोर नेले. वाऱ्यानं ते तोडले. प्रधानानं पाचू नेले, धुळोबा हसला. राजानं सोन्याचे हंडे नेले. "पाय ठेवून पाहिला," धुळोबा म्हणाला, "मोडत नाहीत."

मग शालवती एकटीच, जिथून वरात आली होती त्या माळावर गेली.

"हळू गं बाई!" वाळूतून एक पखुर्डी पक्षीण ओरडली. "खपलीवर पाय देशील!"

"हे काळं? मला वाटलं, भुई करपलीय."

"करपली नाही, निजलीय." पिलांसाठी पोटाच्या पिसांत भरून आणलेलं पाणी पखुर्डीनं जरासं झटकलं. थेंब पडले तिथं काळं बघता बघता हिरवं झालं. शालवतीनं वरातीतल्या हत्तीच्या पावलाखाली मोडलेला एक तुकडा उचलून उलटा केला. खाली कोळ्याच्या जाळ्याहून बारीक धागे होते आणि वाळूचा कण न् कण त्यांत ओवलेला होता.

तेवढाच तुकडा आणि सोबत पखुर्डीला घेऊन ती धुळोबापुढं उभी राहिली. त्यानं फुंकर मारली. वाळू उडाली नाही. पखुर्डीनं थेंब सांडला. तुकडा हिरवा झाला.

"आणि खजिना?"

"हाच. मोडलेलाच आणला, महाराज. नवा मोडला नाही."

धुळोबाचे डोळे भरून आले. त्यानं सगळी वावटळ गोळा केली, घोंगडीसारखी घडी घातली आणि काखेत मारली. "या तुकड्याचा चुरा माळावर पसरा. नवी खपली धरेपर्यंत, मग तुमची नातवंडं म्हातारी का होईनात, धूळ मी सांभाळतो. चालायचं मात्र एकाच वाटेनं."

संकट टळलं. विहिरी उपसल्या, दुधावर साय धरली.

"बघा," राणी भरल्या दरबारात म्हणाली, "मी म्हणत नव्हते? सूनबाईंचा पायगुणच चांगला!"

शालवतीनं विड्यांचं तबक पुढं केलं आणि यावेळी बोललीही.

"आईसाहेब, मी मेण्यात बसून आले. माझे पाय भुईला लागलेच नाहीत. लागले ते तुमच्या हत्तींचे. त्यांना तेवढी ती एकच वाट दाखवा, आणि विडा घ्या. दोन घ्या."