उतार आणि म्हातारा ट्रक

घाटातल्या वाटा गाड्यांशी बोलायच्या, त्या काळी घाटाखाली एक म्हातारा ट्रक होता. रात्रभर उभा राहिला की त्याच्या पाइपातलं डिझेल टाकीत परतायचं आणि पाइप हवा धरायचा. सकाळी किल्ली फिरवली की नुसती घरघर. म्हणून ड्रायव्हर मकबूलचाचा त्याला नेहमी उतारावर लावायचे. ब्रेक सोडला, गडगडत गेला, गिअर टाकला, की धुराचा लोट सोडत चालू!

"माझ्याशिवाय तुझं पान हलत नाही," उतार एकदा म्हणाला.

ट्रकला ते फार झोंबलं. दुसऱ्या सकाळी पाठीवर टोमॅटो भरलेले होते. चाचांनी ब्रेक सोडला, गिअर टाकला. पण ट्रक हट्टाने तसाच, बंदच, उतार संपवून सपाटीवर जाऊन उभा राहिला.

"अरे, माल नासेल!" बॅटरी कळवळली.

"ठाऊक आहे. पण आज चाचांनी बॉनेट उघडल्याशिवाय मी हलायचा नाही."

चाचा शिव्या घालतच उतरले. बॉनेट उघडून त्यांनी डिझेल ओढायचा छोटा हातपंप दाबला, तर पाइपाच्या सांध्यातून बुडबुडे!

"एवढासा वायसर गेलाय, आणि मी वर्षभर उतार शोधत फिरतोय!"

त्यांनी वायसर बदलला, बुडबुडे थांबेपर्यंत पंप मारला. किल्ली फिरवताच ट्रक गरजला.

संध्याकाळी उताराने हाक मारली, "ये, तुझी जागा ठेवलीय."

चाचांनी ट्रक सपाटीवरच लावला.

"आणि उद्या चालू झाला नाहीस तर?" उताराने विचारलं.

"तर चाचा बॉनेट उघडतील," ट्रक म्हणाला.