उत्तरेचं दार

"तीन दारांसमोर सैन्य उभं केलंत. आणि चौथं?"

फेंग गुरुजींनी मान वर न करता विचारलं. ते झोपडीसमोर चटई टाकून सुपात भोपळ्याच्या बिया निवडत बसले होते. भरलेल्या उजवीकडे, पोचट डावीकडे.

"चौथं मोकळं आहे, गुरुजी. उत्तरेचं. रस्त्यावर एक शिपाई ठेवलेला नाही."

"खरंच मोकळं?"

"खरंच."

गुरुजींनी एक बी डावीकडे टाकली.

वेन शुओच्या कपाळाला आठी पडली. कांग सरदाराच्या दरबारात त्याच्या शब्दावर शंका घेणारा माणूस सहसा रात्रीच्या जेवणापर्यंत टिकत नसे. पण इथे दरबार नव्हता. उघडा डोंगर होता, आणि समोरच्या या म्हाताऱ्यानेच एके काळी त्याच्याकडून युद्धशास्त्राचा ओनामा गिरवून घेतला होता.

आता त्या शिष्याचं नाव दूरदूरच्या मुलखात गाजत होतं. लोक म्हणत, कांगकडे तलवारी पुष्कळ आहेत, पण डोकं एकच आहे, आणि ते वेन शुओच्या धडावर आहे. हे बोलणं वेन शुओच्या कानावर आलं होतं. ते थांबवावं असं काही त्याला वाटलं नव्हतं.

डोंगराच्या पायथ्याशी पाइयुन नावाचं तटबंदीचं गाव होतं. कांगच्या सैन्याने त्याला हिवाळाभर वेढा घातला होता. चढण चढून वेन शुओ आला होता तो या गावासाठी.

"मी उगाच दयाळू झालेलो नाही, गुरुजी," तो म्हणाला. "माझी थोरली बहीण आत आहे. रुई. तिथल्या रंगाऱ्याच्या घरात दिलेली. दोन लहान मुली आहेत तिला."

"ठाऊक आहे. हा अंगरखा तिनेच रंगवून पाठवला."

गुरुजींच्या अंगावरचा तो अंगरखा निळा होता. विटला होता, पण निळा होता.

"आई गेल्यावर तिनेच मला लहानाचा मोठा केला. तुमच्याकडे शिकायला पाठवला तोही तिनेच." "तिला बाहेर काढा. सगळ्या गावालाच बाहेर काढा. उत्तरेच्या रस्त्याने निघून जाऊ देत. त्यांच्या केसालाही कोणी धक्का लावणार नाही."

"मी काढू?"

"तुमच्या शब्दावर ते दार उघडतील."

"तुझ्याही तोंडाला शब्द आहेत की."

वेन शुओचा हात नकळत खांद्याकडे गेला.

"सांगून पाहिलं," तो शेवटी म्हणाला. "तटाखाली उभा राहून घसा बसेपर्यंत ओरडलो."

"मग?"

"वरून कोणीतरी शेणाचा गोळा मारला. इथे, खांद्यावर. आणि एकच शब्द ओरडलं… शीलिन."

गुरुजी हसले नाहीत. हसले असते तर वेन शुओला बरं वाटलं असतं.

शीलिन गावाची गोष्ट त्या मुलखात शेंबड्या पोरालाही माहीत होती. चहूबाजूंनी कोंडलेला शत्रू जिवावर उदार होऊन लढतो. त्याला एक वाट मोकळी ठेवावी, म्हणजे तो पळून जातो आणि दोन्हीकडची माणसं वाचतात. हा धडा फेंग गुरुजींचाच. वेन शुओने त्यात आपल्या पदरची थोडी भर घातली होती. शीलिनला त्याने उत्तरेची वाट मोकळी ठेवली. तटाखाली रिवाजाप्रमाणे घोडा कापून शपथ झाली, ओठांना रक्त लागलं, तोंडभर आश्वासनं दिली गेली. आणि रस्त्यालगतच्या बांबूच्या बेटांत घोडेस्वार दबा धरून बसले. धूर दिसू नये म्हणून त्यांना चूल पेटवायची बंदी होती. ते कोरडं पीठ चघळत होते.

मग दार उघडलं. माणसं गाठोडी घेऊन बाहेर पडली. कोणी म्हाताऱ्या आईला पाठुंगळी घेतलं होतं, कोणी कोंबड्यांची टोपली सोडायला तयार नव्हतं.

त्यातलं कोणी लांब गेलं नाही. त्या संध्याकाळी कांगने वेन शुओला स्वतःच्या हाताने मद्य पाजलं, आणि वेन शुओ ते चवीने प्यायला.

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. पाइयुनची माणसं तर आता वेन शुओच्या वाऱ्यालाही उभी राहत नव्हती. त्यांचं काय चुकलं?

"मी तुला दार शिकवलं होतं," गुरुजी म्हणाले. "बांबूची बेटं तू शोधलीस."

"ते युद्ध होतं, गुरुजी."

"आणि हे?"

"हे…" वेन शुओ अडखळला. "आत माझी बहीण आहे."

गुरुजींनी पहिल्यांदाच वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्या नजरेपेक्षा शेणाचा गोळा परवडला असता.

"या खेपेला डाव नाही!" वेन शुओ जवळजवळ ओरडला. "मी सरदाराच्या पायांवर डोकं ठेवलं. आजवर काही मागितलं नाही, एवढं द्या म्हटलं. त्यांनी सगळ्यांदेखत घोडा कापला. स्वतः ओठांना रक्त लावलं. स्वतः, गुरुजी! कांगने आजवर कोणासाठी शपथ घेतलेली नाही."

"लगेच घेतली?"

"माझं बोलणं पुरं व्हायच्या आत." एवढ्या दुःखातही त्याच्या बोलण्यात थोडा ताठा आलाच. "इतक्या वर्षांच्या चाकरीचं चीज केलं त्यांनी."

"शीलिनला रक्त कोणाच्या ओठांना लागलं होतं?"

"माझ्या."

गुरुजींनी मान डोलावली आणि बियांचं सूप बाजूला सारलं.

"भूक लागली. काही आणलंयस का?"

वेन शुओने रेशमाचा तागा आणला होता, चहाची वडी आणली होती. दोन्ही वस्तू दाराशी पडल्या होत्या. गुरुजींनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मग त्याला कमरेची पुडी आठवली. सकाळी घोडदळाच्या तळावरून निघताना तिथल्या नायकाने वाटेत खायला म्हणून दिलेली. चांगला पोरगा होता नायक. वेन शुओनेच त्याला शिपायांतून वर काढला होता.

त्याने पुडी सोडून पुढे केली.

गुरुजींनी चिमूटभर जिभेवर टाकलं. दात थोडेच उरले होते. ते सावकाश घोळवत राहिले…

"राळे."

"हो. भाजलेल्या राळ्याचं पीठ."

"तुमचे शिपाई हिवाळाभर हेच खातात?"

"छे! गरम पेज असते. थंडीत शिपायाच्या पोटात गरम अन्न गेलंच पाहिजे, हा दंडक मीच घातलाय. कोरडं पीठ फक्त…"

गुरुजींनी आणखी एक चिमूट घेतली.

"लाकडं ओली असतील," वेन शुओ म्हणाला.

गुरुजींनी आभाळाकडे पाहिलं. आभाळ निरभ्र होतं. कालही होतं, परवाही होतं. अंगणात भोपळ्याच्या साली वाळून खडखडीत झाल्या होत्या.

वेन शुओला आता तो नायक आठवला. पुडी देताना त्याने मान खाली घातली होती, आणि वेन शुओ तळाबाहेर पडेपर्यंत ती वर केली नव्हती. किती आदर करतो आपला, असं तेव्हा वेन शुओला वाटलं होतं. शत्रूच्या छावणीतला धूर पाहून तिथे माणसं किती हे सांगणारा हा गृहस्थ. स्वतःच्याच घोडदळाच्या तळावर धूर नाही, हे त्याला दिसलं नव्हतं. बहिणीच्या काळजीने म्हणा, नाहीतर शपथेच्या नशेने म्हणा. बहुधा दुसऱ्याच कारणाने.

"माझ्याशी ते असं करणार नाहीत," तो म्हणाला. "मी त्यांचा उजवा हात आहे."

"नदीला पूर कधी येतो?"

"डोंगरावरचं बर्फ वितळायला लागलंय. आता लवकरच येईल. छावणीची जागा पाण्याखाली जाईल. त्याआधी आम्हाला उठावं लागेल."

"गावात तोवर धान्य आहे?"

"आहे."

"तट?"

"पडत नाही. सगळे उपाय करून झाले."

या तीन उत्तरांची बेरीज पहिल्या दिवशी आलेल्या शिष्यालाही जमली असती. वेन शुओलाही ती जमली: पुराआधी गाव घ्यायचं तर कपटाखेरीज कांगपुढे वाट नव्हती. तो मटकन खाली बसला. गुडघा लागून बियांचं सूप कलंडलं, निवडलेलं सगळं पुन्हा एक झालं.

"पण मग मला सांगायचं होतं!" तो कळवळून म्हणाला. "इतकी वर्षं मी त्यांच्यासाठी खोटं बोललो. आणखी एकदा बोललो असतो. शपथेचं सोंग कशाला? माझ्यासमोर?"

"सांगितलं असतं, तर तू माझ्याकडे आला असतास?"

वेन शुओ सांडलेल्या बिया सुपात भरू लागला.

"नाही," तो पुटपुटला. "तुमच्यासमोर मला खोटं बोलता येत नाही. हे… हे मीच त्यांना सांगितलं होतं. पूर्वी कधीतरी. मद्य पिताना. कौतुकाने."

"त्याने लक्षात ठेवलं."

"मी त्यांना सगळं शिकवलं, गुरुजी. वेढा कसा घालायचा, माणूस कसा ओळखायचा. मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांना नुसती तलवार फिरवता येत होती."

"तू माझा शिष्य," गुरुजी म्हणाले. "तो तुझा."

कडू औषधासारखं ते वाक्य वेन शुओच्या घशाखाली उतरेना. त्या म्हाताऱ्याचा आवाजही कडवट झाला होता. स्वतःला त्यातून वगळून बोलणारा आवाज तो नव्हता.

वेन शुओ एकदम उठला.

"मी खाली जातो. घोडेस्वारांना मागे घेतो. तो नायक माझा माणूस आहे."

"ऐकेल तुझं?"

"माझं मीठ खाल्लंय त्याने!"

"आज तुला पीठ त्यानेच दिलं. तोंडाने मात्र काही सांगितलं नाही."

वेन शुओ उभाच राहिला. खाली पाइयुनचे तट दिसत होते. उत्तरेचा रस्ता खरोखरच मोकळा होता, उन्हात निर्जन पडलेला. रस्त्यालगत बांबूची बेटं होती. तिथून धुराची एक रेघसुद्धा वर येत नव्हती. इतकी चोख व्यवस्था त्याला स्वतःलाही कधी जमली नव्हती.

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. शीलिनला आपल्या डोळ्यांत टिपूसही आलं नव्हतं, हे त्याला त्याच वेळी आठवलं आणि त्याची लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून रडणं काही थांबलं नाही.

गुरुजी उठले. कमरेला हात देऊन, कण्हत, म्हातारी माणसं उठतात तसे. भिंतीला टेकवलेली काठी घेतली. पायांत गवताच्या चपला सरकवल्या.

"कुठे निघालात?"

"पाइयुनला. माझ्यासाठी ते तटावरून दोर सोडतील."

"आत अडकाल, गुरुजी. कांगला कळलं की तुम्ही त्याचा डाव मोडलात, तर…"

"हं."

"मीही येतो."

"तुझ्यासाठी दोर सोडणार नाहीत."

गुरुजी उतरणीला लागले. वेन शुओ मागून धावला, आणि भर पायवाटेवर त्याने त्या विटक्या निळ्या अंगरख्याचं टोक धरलं. दहा हजारांच्या फौजेला बोटावर नाचवणारा तो माणूस त्या घडीला एखाद्या अडून बसलेल्या मुलासारखा दिसत होता.

"गुरुजी, रुईला एवढं सांगाल? या खेपेला मी खोटं बोलत नव्हतो. खरंच तिच्यासाठी आलो होतो. एवढं तरी तिला कळू दे. सांगाल ना?"

गुरुजी थांबले. त्यांनी अंगरख्याचं टोक हळूच सोडवून घेतलं…

"सांगेन," ते म्हणाले. "पण आधी दाराला आणखी एक अडसर घालायला लावेन. तू खरं बोलत होतास, हे त्यानंतर सांगेन."